बेबी, तुझे दात त्यांनी पांढरे केले

बेबी, टेमघरच्या नाक्यावर तुझा बॅनर लागलाय. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली आपली शिबिरं भरवणाऱ्या ट्रस्टचं नाव, त्याखाली अध्यक्षांपासून सहचिटणीसापर्यंत सगळ्यांचे फोटो आणि मधोमध तू. फोटो आपल्या शिबिरातलाच आहे, तो जांभळ्या साडीतला. तू माझ्याकडे बघून हसतेयस आणि मला कापून टाकलंय. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांनी कॉम्प्युटरवर तुझे दात पांढरे केलेत, एकूण एक, हिरड्यांपर्यंत. रिक्षा थांबवून मी बघत राहिले. रिक्षावाल्याने विचारलं, कौन थी मॅडम. म्हटलं, मेरे साथ काम करती थी. तो जरा वेळ बघून म्हणाला, "दाँत बहुत अच्छे थे." मी त्याला रिक्षा पुढे घ्यायला सांगितलं.

अध्यक्षांचा फोन तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी आला. स्मरणिका काढतायत. त्यात मी तुझ्यावर एक पान लिहायचं. म्हणाले, मॅडम, भावनिक लिहा पण पॉझिटिव्ह लिहा. मशेरी सोडलेली आदर्श आरोग्यसखी, असं काहीतरी. आजाराचं नाव नको, लोक घाबरतात. बोलताना त्यांच्या तोंडात गुटखा होता. दर दोन वाक्यांनंतर ते थांबत आणि पुन्हा बोलत, तेव्हा ते थुंकायला वळतायत हे मला फोनवरूनही कळत होतं. मी बरं म्हणाले. त्यांना मी बरंच म्हणत आलेय. हे जे लिहितेय ते त्यांच्या स्मरणिकेत छापून येणार नाही, पण तुला सांगायचं ते मी त्यांच्या पानात बसवू शकत नाही.

आपली ओळख सर्व्हेमध्ये झाली. दातांच्या कॉलेजने वज्रेश्वरीकडच्या गावांतल्या बायकांची तोंडं तपासायचं काम काढलं होतं. मशेरी किती वर्षं लावता, दिवसातून किती वेळा, तोंडात चट्टा आहे का, असला छापील फॉर्म. मी भिवंडीत दवाखाना टाकून बसलेली दातांची डॉक्टर. पॉवरलूमवरच्या माणसांच्या सडलेल्या दाढा काढून काढून वीट आला होता म्हणून हौसेने त्यात शिरले. अकलोलीच्या पुढे तुमच्या गावात पहिल्या दिवशी एकही बाई तोंड उघडेना. पदर तोंडाशी धरून नुसत्या हसत होत्या. तू शाळेतली खुर्ची डोक्यावर घेऊन आलीस, पारावर ठेवलीस आणि स्वतःच्या सासूला तिच्यात बसवलंस. म्हातारी ओरडत होती. तू तिला म्हणालीस, "आक्के, दात हाईत कुठं तुज्याजवल, लाज कसली?" सगळ्या हसल्या आणि रांग लागली.

त्या दिवसापासून टॉर्च तुझ्या हातात. मी आरसा घालून बघायचे, तू बरोबर त्या जागी उजेड धरायचीस. आठवडाभरात तुला माझ्याआधी चट्टा दिसायला लागला. मी बोलायच्या आधी तुझा हात थांबायचा. पण तुझं तोंड आम्ही तपासलं नाही. सर्व्हेच्या कामातल्या माणसांना नमुन्यात धरायचं नाही, असा नियम होता. नियम बरोबरच होता. संशोधनात तो तसाच असतो. तुझ्या गावातल्या प्रत्येक मशेरी लावणाऱ्या बाईचा कागद अजून कॉलेजच्या कपाटात असेल, आणि तुझा नाही.

मग ते पहिलं शिबिर. शाळेच्या भिंतीवर पडदा लावून मी बायकांना फोटो दाखवले. गालाला पडलेलं भोक, अर्धा काढलेला जबडा, किडे पडलेली जखम. एक पोरगी बाहेर जाऊन ओकली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट परिणाम होतोय असं वाटलं. आज लिहिताना स्वतःची शिसारी येते. शेवटी मी विचारलं, आजपासून कोण मशेरी सोडणार, हात वर करा. कोणी हललं नाही. मी पुन्हा विचारलं. माझा आवाज चढला होता, मागे अध्यक्ष बसले होते, फोटोवाला कॅमेरा लावून उभा होता. तेव्हा तू उठलीस. कनवटीची डबी काढलीस आणि चूळ भरायला ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत टाकलीस. काळं पाणी वर आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तुला मिठी मारली आणि तू एकदम लाकडासारखी ताठ झालीस. मला वाटलं, लाजली.

त्यानंतर मी तुला दाखवत फिरले. दुसरा शब्द नाही. मानकोलीच्या गोदामांत पॅकिंगला जाणाऱ्या बायकांसमोर, अंगणवाड्यांत, बचत गटांत, महिला दिनाला. आधी माझे फोटो, मग तुझं भाषण. "मी पंचवीस वर्सं लावली. एका दिवसात सोडली. तुमी बी सोडा." तू ते इतकं छान म्हणायचीस की मला दरवेळी भरून यायचं. ट्रस्टने तुला शाल दिली, ती तू गादीखाली घातलीस. नेते तासभर उशिरा यायचे, बायका उपाशी बसून राहायच्या, मग प्रत्येकीच्या हातात एक ब्रश, एक पेस्टची ट्यूब आणि फोटो. जेवणानंतर कार्यकर्ते मंडपामागे जाऊन पिचकाऱ्या मारायचे. आपण दोघी सामान आवरताना त्या लाल भिंतीकडे बघायचो. तू म्हणायचीस, यांच्या तोंडात टॉर्च मारा एकदा, सगली पार्टी तुमच्या दवाखान्यात येल. मी हसायचे आणि पुढच्या शिबिराची तारीख लिहून घ्यायचे.

आपलं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. मी बायकांना ओरडायचे. घाण आहे ती, घाण तोंडात घालता, शब्द हेच. तू परत येताना गाडीत म्हणायचीस की घाण म्हणू नका. मी म्हणायचे, मग काय म्हणू, प्रसाद? तू सांगायचीस की पहाटे उठल्यापासून बाईला बसायला मिळतं ते तेवढंच, ओट्यावर, बोटाने दात घासत, कोणी हाक मारत नाही तोवर. गोदामात दुपारी डबा उघडायला वेळ मिळाला नाही तर मशेरीने भूक मरते. मी म्हणायचे, भूक मरते आणि मग बाई मरते. तू खिडकीकडे वळायचीस. मला वाटायचं मी जिंकले.

आता हे लिहायलाच हवं. मी दातांची डॉक्टर. तुझ्या हिरडीच्या कडेची काळी रेघ मला रोज दिसत होती. जुने डाग, मी स्वतःला सांगितलं. एकदा म्हटलं, ये, स्वच्छ करून देते, दहा मिनिटांचं काम. तू म्हणालीस, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात भात लावणी होती, मग गणपती, मग तुझ्या नितीनचं लग्न. मीही आग्रह केला नाही. डाग जुने असते तर एकदा काढल्यावर परत आले नसते, आणि परत आले असते तर मला माहीत झालं असतं. ते मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. माझं अख्खं शिबिर तुझ्या एका वाक्यावर उभं होतं. दातांच्या डॉक्टरला कळलं नाही, हे कोणी मानणार नाही. मीही मानत नाही.

गेल्या वर्षी तू मला गाडीत विचारलंस, गालाच्या आत जखम झाली तर किती दिवस वाट बघायची. कोणाला, मी विचारलं. हाय एक बाई गावात. मी म्हणाले, पंधरा दिवस. नाही भरली तर सरळ माझ्याकडे आण. आणि तिला आधी ती घाण बंद करायला सांग. तू खिडकीबाहेर बघत हो म्हणालीस. नंतर मी दोनदा विचारलं, ती बाई आली नाही गं. येल, तू म्हणालीस. पावसाळा गेला. तू शिबिरात जेवायची बंद झालीस, नुसता वरणभात कालवून उजव्या बाजूने गिळायचीस. मी म्हटलं, काय झालं. दाढ दुखते. मी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून दिली. मंत्री यायचे होते, मांडवात खुर्च्या कमी पडल्या होत्या. बेबी, माझ्या दुसऱ्या पिशवीत आरसा होता. टॉर्च तर तुझ्याच हातात होता.

नितीन तुला घेऊन आला तेव्हा गालाच्या बाहेरून गाठ दिसत होती. तू खुर्चीत बसलीस आणि तोंड उघडलंस. पुरतं उघडतही नव्हतं. आत काय होतं ते मी इथे लिहिणार नाही, तू ते माझ्या पडद्यावर शंभर वेळा पाहिलं होतंस. वास आला. हजारो तोंडांचे वास घेतलेल्या मी मान वळवली. तू आरशाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मुंबईच्या कॅन्सर हॉस्पिटलची चिठ्ठी लिहिली आणि नितीनला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. तुला सांगितलं नाही. तुला सांगायची गरज नव्हती, हे निमित्त मी बरं शोधलं.

हॉस्पिटलच्या त्या बाकावरची दुपार मला सोडत नाही. नितीन कागद घेऊन खिडकी शोधत फिरत होता. आजूबाजूला सगळे तोंडावर फडकी बांधलेले. तू अचानक म्हणालीस, जड जिभेने, पण स्पष्ट, "म्याडम, मी कदी सोडलीच न्हाय. एक दिवस बी न्हाय."

मी उठले आणि चहा प्यायला गेले.

खरंच तसंच केलं, बेबी. कँटीनमध्ये उभी राहून गार चहा प्यायले आणि तुझा प्रचंड राग राग केला. इतकी वर्षं, इतक्या बायकांसमोर, माझ्या शेजारी उभी राहून ही बाई खोटं बोलली. मला फसवलं. माझं काम, माझा शब्द, माझं हसं. परत आले तर तुला तपासणीला आत नेलं होतं. दोन दिवसांनी ऑपरेशन झालं आणि जिभेचा बराच भाग गेला. मग तू बोललीच नाहीस. मी रोज यायचे, उशाशी बसायचे, नळीतून जाणारं पातळ बघायचे, पाठ चोळायचे. तू दोनदा बोटाने माझ्या तळहातावर काही लिहिलंस. मला ते वाचता आलं नाही. मान डोलावून मी कळल्यासारखं दाखवलं. खोटं बोलायला मीही मागे राहिले नाही.

दहाव्याला तानसा नदीच्या काठी मी होते. डॉक्टरीणबाई म्हणून मला खुर्ची दिली होती. पिंड ठेवले आणि कावळा येईना. झाडावर पाच-सहा बसलेले, खाली बघतायत, हलत नाहीत. नितीनने हात जोडून सांगितलं, बहिणीचं लग्न मी करीन. काही नाही. सासूला सांभाळू. काही नाही. भटजी घड्याळ बघायला लागले. मग मंदा, तुझी धाकटी जाऊ, पुढे आली. तिने कमरेची डबी काढली आणि चिमूटभर काळी मशेरी पिंडाच्या कडेला ठेवली. ती मागे वळते न वळते तोच कावळा शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कोणी चकित झालं नाही. मी एकएक चेहरा बघितला. माझ्या शिबिरांत पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवलेल्या त्याच बायका होत्या. सगळ्यांना माहीत होतं. कावळ्यालासुद्धा माहीत होतं. मला त्या काठावर सगळ्याचीच किळस आली. त्या काळ्या चिमटीची, टाळ्यांची, माझ्या खुर्चीची.

मंदाला मी बाजूला घेतलं आणि अगदी शिबिरातल्या आवाजात विचारलं की मला का नाही सांगितलं. ती आधी घाबरली. मग म्हणाली की थोरलीने त्या पहिल्या दिवशी डबी टाकली आणि संध्याकाळी मंदाच्याच डबीतली लावली. मी म्हटलं, मग टाकली कशाला? मंदा म्हणाली, "कोनीच उठंना तवा. तुमचं तोंड बगवलं न्हाय तिला."

म्हणजे माझी कीव आली म्हणून. मला तोंडघशी पडू द्यायचं नाही म्हणून तू डबी टाकलीस, आणि मी ती डबी तुझ्या गळ्यात बांधून तुला गावोगाव फिरवली.

मंदाने आणखी सांगितलं. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर बायका अंघोळीला जमायच्या तेव्हा तू एकेकीचं तोंड बघायचीस. उन्हाकडे वळवून, बोटाने गाल ओढून. तिथे पडदा नाही, फोटो नाही, घाण हा शब्द नाही. त्या तुझ्यासमोर तोंड उघडायच्या, कारण तूही लावत होतीस. जिचा चट्टा तुला वाईट दिसायचा तिला तू माझ्याकडे पाठवायचीस आणि बजावायचीस, दाढ दुखते म्हणून सांग, बाकी ती बघेल. मला त्या बायका आठवल्या. दाढ दुखते म्हणून आलेल्या, दाढ धडधाकट असलेल्या, आणि गालात वेळेवर सापडलेला चट्टा. मी कॉलेजच्या सभेत अभिमानाने सांगायचे की आपल्या शिबिरांमुळे बायका लवकर येतात. त्या माझ्या शिबिरांमुळे आल्याच नव्हत्या. तुझ्या खोटेपणामुळे त्या जगल्या, हे मी कुठल्या फॉर्मवर लिहू? तू खरंच मशेरी सोडली असतीस तर त्या तुला तोंड दाखवत्या का? आणि सोडली असतीस तर आज तू असतीस. हे भांडण मला तुझ्याशी करायचं होतं. गाडीत, परत येताना. यावेळी मी एवढ्यात जिंकले नसते.

काल नितीनचा फोन आला. स्मरणिकेत आईचं चांगलं लिहा, म्हणाला, तिने सोडली होती असंच लिहा, लोकांत तिचं नाव आहे. पोरगा रडत होता. अध्यक्षांना मी नंतर स्वतः फोन केला होता; त्यांना नाही म्हणायला मला काही वाटलं नाही, फोन ठेवल्यावर बरंच वाटलं. नितीनला नाही म्हणताना मी दोनदा वाक्य अर्धं सोडलं. मी त्याला सांगितलं की तुझ्या आईचं नाव एका वाक्याने झालेलं नाही, मी तुला येऊन सगळं वाचून दाखवीन, मग तू ठरव. त्याने फोन ठेवला. बघू. तुला राग आला असेल तर येऊ दे. तुझा राग मी एकदाही पाहिलेला नाही, आता वाटतं की पाहायला हवा होता.

आज सकाळी मंदा दवाखान्यात आली. एकटी, बस बदलत. मी विचारलं, काय होतंय. सवयीने तिने दाढेला हात लावला, मग खाली घेतला. म्हणाली, गालात काहीतरी लागतं जिभेला, चार महिने झाले. तिला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, आरसा घेतला. तिने तोंड उघडलं. आरसा आत जायच्या आत पुन्हा मिटलं, आणि वर माझ्याकडे बघत विचारलं, "बाई, रागावनार न्हाय ना?"

नाही, मी म्हणाले. तिने तोंड उघडलं. बेबी, हे तू मला एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी काय उत्तर दिलं असतं, ते तुला ठाऊक होतं.